मंडईचे छत, मंडईच्या भिंती

४ जानेवारी

प्रिय तोळ्या,

अनेक आशीर्वाद.

भाचीच्या लग्नात आपण दोघांनी काय केले, याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. तुला ते ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना ते हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेले. एक तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आणि एक वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक, दोघांचे वय मिळून एकशे छत्तीस, एका मंडईवरून एकमेकांची अक्कल काढतात आणि नवरी मुलगी स्वतः उठून त्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवते! हे दृश्य आपल्या वडिलांनी पाहिले असते तर त्यांनी दोघांनाही अंगठे धरून उभे केले असते.

त्यानंतर फोन झाले. फोनवर मी वाक्य पूर्ण करण्याआधी तू उत्तर देतोस, आणि तू श्वास घेतलास की मी शिरतो. म्हणून तुझ्या पत्नीने सुचवलेला मार्ग, ‘पत्रांतून भांडा, निदान माझ्या शिवणवर्गातल्या बायका तरी दचकणार नाहीत’, मला योग्य वाटतो. मात्र वाद करायचा तर तो शास्त्राप्रमाणे व्हावा. प्रत्येकाने पत्राच्या आरंभी दुसऱ्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, इतक्या प्रामाणिकपणे मांडावे की दुसऱ्याने त्याखाली ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ अशी सही करावी. खंडन त्यानंतर. तुझे प्रत्येक पत्र मी जपून ठेवीन, आणि त्याच्या प्रतीवर समासात लाल शाईने दोष लिहून, तारीख घालून, ती तुला परत पाठवीन. चाळीस वर्षांची सवय आहे. राग मानू नये.

तुझा पूर्वपक्ष असा. नवा पक्ष निवडून आल्यास इथली जुनी मंडई पाडून नवी बांधणार आहे, आणि ते योग्य आहे. कारण मंडईचे छत गळते, दुरुस्ती तीनदा झाली, तीनदा वाया गेली, आणि गळक्या छताखाली गरिबाचा माल सडतो.

माझे म्हणणे असे. छत गळते असे क्षणभर गृहीत धरले (मी ते मान्य केलेले नाही), तरी त्यावरून छत बदलावे एवढेच सिद्ध होते. भिंती दगडी आहेत, मजबूत आहेत. टोपी फाटली म्हणून कोणी डोके कापत नाही.

आणखी एक खुलासा. लग्नात तू मला ‘जुन्या पक्षाचा भाट’ म्हणालास. मी कोणत्याही पक्षाचा नाही. गेल्या नऊ निवडणुकांत माझे मत जुन्या पक्षाला गेले हे खरे; परंतु नऊही वेळा ते स्वतंत्र विचारांती गेले.

तुझा,
दादा

———

१७ जानेवारी

दादा,

तुला नमस्कार, आणि तुझ्या लाल शाईलाही एक नमस्कार.

पूर्वपक्षाखाली सही केली आहे. इतका चांगला मांडलास की क्षणभर वाटलं, दादा आमच्या पक्षाच्या शाखेत यायला लागला की काय!

आता तुझा. दादा म्हणतो: भिंती दगडाच्या, शंभर वर्षं उभ्या आहेत, आणखी शंभर राहतील. छत बदला, पण भिंतींना हात लावू नका. शिवाय नवा पक्ष काही पाडायला निघाला की त्यात कुणाचा तरी जागेवर डोळा असतोच. बरोबर ना? कर सही.

भिंतींवर मी बोलत नाही. तो तुझा किल्ला, तू लढव. मी छतावर बोलतो, कारण त्या छताखाली मी तीस वर्षं उभा होतो. आणि तू, रागावू नकोस, मंडईपासून दहा मिनिटांवर राहून पावसात एकदाही तिथं पाऊल टाकलेलं नाहीस. तुला भाजी दारात येते.

एक गोष्ट सांगतो. एक बटाटेवाला होता, म्हातारा, चेहऱ्यानं अगदी देवमाणूस. मी प्रमाण वजनं घेऊन तपासणीला गेलो, तर त्याच्या पारड्याखाली लोखंडाचा तुकडा चिकटवलेला. म्हटलं, “काका, तुम्हीसुद्धा?” तर रडायलाच लागला. म्हणाला, “साहेब, वर बघा.” वर बघतो तर थेट त्याच्या पोत्यांवर धार. “चौथा हिस्सा सडतो साहेब. छत मला फसवतं, म्हणून मी गिऱ्हाइकाला फसवतो.” मी दंड केला. करावाच लागला. पण त्या दिवशी कळलं, तराजूची ती मधली, सरळ उभी राहिली की वजन बरोबर असतं ती, अरे नाव अगदी जिभेवर आहे, जाऊ दे, ती सरळ असली म्हणजे न्याय झाला असं नसतं.

तुझ्या भावजयीनं घरात नवा नियम काढलाय. ‘पक्ष’ हा शब्द उच्चारला की तिच्या वर्गाच्या कपड्यांना पाच बटणं लावून द्यायची. आजवर चाळीस लावून झालीत. शिंप्याचा धंदा आता मला येतो.

तुझा,
तोळा

———

२९ जानेवारी

प्रिय तोळ्या,

अनेक आशीर्वाद.

तू मांडलेल्या पूर्वपक्षाखाली सही केली आहे. तुझ्या पत्राची प्रत सोबत आहे. समासात पाच नोंदी आहेत. त्यांचे विवरण असे.

शितावरून भाताची परीक्षा होते. एका बटाटेवाल्यावरून मंडईची होत नाही. त्याचे रडणे हा पुरावा नव्हे, आणि चोराने सांगितलेले चोरीचे कारण तर मुळीच नव्हे. ‘मी तीस वर्षे तिथे उभा होतो’ हेही प्रमाण नव्हे. मासा आयुष्यभर पाण्यात राहतो, म्हणून तो पाण्याचा तज्ज्ञ ठरत नाही. चौथा दोष सर्वांत गंभीर: भिंतींचा मुद्दा तू हसत हसत टाळला आहेस. ज्या मुद्द्यावर उत्तर नसते त्यालाच माणूस ‘तुझा किल्ला’ म्हणतो.

पाचवी नोंद भाषेची. तराजूच्या त्या ‘मधलीला’ काटा म्हणतात. तीस वर्षे ज्याने काटा तपासला त्याला काटा हा शब्द आठवू नये, याचा अर्थ एवढाच की लिहिताना त्याचे लक्ष तराजूवर नसून सभेवर होते. तुझ्या पक्षाच्या भाषणांत नेमका शब्द कधीच नसतो. सगळे ‘ते’, ‘हे’ आणि ‘ती मंडळी’. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही तरी गुण लागतो, तो असा.

मी मंडईत जाऊन छत पाहावे, ही सूचना अप्रस्तुत आहे. आपला वाद छत गळते की नाही यावर नसून, गळत असल्यास त्यावरून काय सिद्ध होते यावर आहे.

भावजयीस आशीर्वाद. बटणांचा नियम उत्तम आहे.

तुझा,
दादा

———

३ मार्च

दादा,

नमस्कार. उशीर झाला. लिहायला बसतो आणि उठतो.

तुझा पूर्वपक्ष: भिंती चांगल्या. पुढचं तू लिहिलंयस तेच.

तुला एक गोष्ट सांगायची होती, कधी सांगितली नाही. एक बटाटेवाला होता, म्हातारा. त्याच्या पारड्याखाली लोखंड चिकटवलेलं. मी म्हटलं काका तुम्हीसुद्धा. तर तो म्हणाला साहेब वर बघा. वर पाणी. चौथा हिस्सा सडतो म्हणाला. म्हणून मी सांगतो, जुन्या पक्षानं मंडई पाडायचं ठरवलंय ते बरोबरच आहे, तुझ्या नव्या पक्षानं कितीही आडवं येऊ दे. छत गळतं. हे खरं आहे की छत गळतं. छत गळतं दादा.

शाखेत हेच बोललो तर सगळे गप्प झाले. का ते कळलं नाही. हल्ली लोक लवकर रागावतात. मीही रागावतो. परवा हिच्यावर ओरडलो, बटणांच्या डब्यावरून. सकाळी डोकं दुखतं. उन्हाचं असेल.

तोळा

———

११ मार्च

प्रिय तोळ्या,

तुझे पत्र वाचून मी बराच वेळ हसलो, हे आरंभीच मान्य करतो.

तू लिहितोस, ‘जुन्या पक्षानं मंडई पाडायचं ठरवलंय ते बरोबरच आहे’ आणि ‘तुझ्या नव्या पक्षानं’ आडवे येऊ दे. पोटातले ओठांवर येते ते असे! ज्या पक्षासाठी तू रक्ताच्या भावाशी भांडलास त्याचे नावही तुला धड लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते फक्त भांडण. प्रतीवर मी याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

बटाटेवाल्याची गोष्ट ‘कधी सांगितली नाही’ असे तू म्हणतोस. ती तू १७ जानेवारीस, जवळजवळ याच शब्दांत, सांगितली आहेस. ‘छत गळतं’ हे विधान तू एका दमात तीनदा केलेस. पालुपद आळवल्याने गाणे लांबते, सत्य वाढत नाही. माझा पूर्वपक्ष तर तू दोन शब्दांत उरकलास. पुनरुक्ती, चिडखोरपणा आणि दुसऱ्याचे म्हणणे ऐकूनच न घेणे, ही तीन लक्षणे मी तुझ्या पक्षाच्या प्रत्येक माणसात पाहत आलो आहे. आजवर म्हणत होतो, माझा भाऊ तसा नाही. आता ते म्हणता येत नाही. तू विचार करणे सोडले आहेस, तोळ्या; तू ऐकलेले बोलतोस.

डोकेदुखीसाठी चष्म्याचा नंबर तपासून घे.

पुढच्या पत्रात माझा पूर्वपक्ष नीट, सविस्तर मांडावास. त्याशिवाय मी उत्तर देणार नाही.

दादा

———

८ एप्रिल

दादा

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटाला पोचतो तेव्हा सुरुवात नसते. तू मुद्दाम असं लिहितोस का.

तुझा पक्ष मांडता येत नाही. खूप बसलो.

शाखेत येऊ नको म्हणाले. फितूर म्हणाले. मी काय केलं.

तू हसलास असं लिहिलंयस.

ते असतं ना दोन बाजूंचं, त्याच्यावर मी कधी बोट ठेवलं नाही. कुणाच्या बाजूनं नाही. तुला माहीत आहे.

तोळा

———

१५ एप्रिल

तोळ्यास,

वादाचे नियम आपण दोघांनी मान्य केले होते. प्रतिपक्षाचे म्हणणे मांडता येत नाही असे तू आता लिहून देतोस, आणि दोष माझ्या वाक्यांच्या लांबीला देतोस. ती वाक्ये तू पन्नास वर्षे वाचत आला आहेस. आजवर त्यांची लांबी तुला खुपली नव्हती.

तुझ्या लोकांनी तुला फितूर म्हटले याचे मला वाईट वाटत नाही. घर फिरले की वासेही फिरतात, हे त्या घरात शिरण्याआधी ओळखायला हवे होतेस. मात्र त्या रागाचा हिशेब माझ्याकडे मागू नये.

उत्तर न आल्यास मांडलेला पक्ष सिद्ध मानतात. मी तो तसा मानतो आणि हा पत्रव्यवहार थांबवतो. तुझ्या या पत्राची प्रत पाठवीत नाही. त्यात दोष दाखवण्याजोगा युक्तिवादच नाही.

दादा

———

१८ जून

मोठे भाऊजी,

नमस्कार. मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. फोन उचलला होता, पण तुमचा आवाज ऐकला असता तर मला बोलता आलं नसतं.

गेल्या महिन्यात एका बुधवारी सकाळी यांनी मला हाक मारली, “चमचा!” मी शिलाई मशीनवर होते. मी हसले, म्हटलं हो चमच्या, काय हवंय? तेही हसले. परत हाक मारायला गेले, परत तोच शब्द आला. मग यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी लिहू शकत नाही.

तपासण्या झाल्या. डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे, बोलणं जिथून येतं त्या जागेला चिकटून. अजून बोलतात, पण एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. आपण बोललेलं छोटं असेल तर कळतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं महिनाभर. त्या म्हणाल्या, नसेल. यांनी लिहिलेलं काही आहे का, जुनं, तारखेचं? मला तुमच्या लाल शाईच्या प्रती आठवल्या. त्या घेऊन गेले. बाई अर्धा तास वाचत होत्या. मग म्हणाल्या, “हे समासात कोणी लिहिलंय?” म्हटलं, यांचे थोरले भाऊ. “डॉक्टर आहेत?” म्हटलं, नाही, तर्कशास्त्राचे प्राध्यापक. त्या म्हणाल्या, “यांनी सगळं टिपलंय हो. एक सुटलेलं नाही.”

भाऊजी, मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. मी तर याच घरात होते. मीही नव्या पक्षाचीच. मार्चमध्ये हे शाखेत उभे राहून ‘जुन्या पक्षाचं बरोबर आहे’ म्हणाले तेव्हा मला काय वाटलं असेल? वाटलं, तुम्ही फिरवलंत यांना. दोन दिवस बोलले नाही. शाखेतल्यांना वाटलं पैसे खाल्ले. तुम्हाला वाटलं डोकं भडकवलं. सगळ्यांना सगळं कळत होतं, फक्त माणूस आजारी आहे हे कुणाला कळलं नाही.

एप्रिलमध्ये तुमचा तो पूर्वपक्ष लिहायला अकरा कागद घेतले होते यांनी. मला गादीखाली सापडले. प्रत्येकावर ‘दादा म्हणतो’ एवढंच.

बाईंना एप्रिलचं मूळ पत्र हवं आहे, आणि मागच्या वर्षीचं एखादं, ताडून बघायला. तुमच्याकडे असेल. पाठवा.

धाकटी भावजय

———

२३ जून

सौ. भावजयीस,

आशीर्वाद.

प्रथम कामाचे. सोबत तिन्ही मूळ पत्रे आणि गेल्या वर्षीची दोन पाठवीत आहे. डॉक्टरांच्या सोयीसाठी नोंदी वेगळ्या उतरवून देतो. १७ जानेवारी: रोजच्या वस्तूचे नाव न आठवणे. ३ मार्च: सांगितलेली गोष्ट पुन्हा नव्याने सांगणे, नावांची अदलाबदल, एकच वाक्य तीनदा, चीड, सकाळची डोकेदुखी. ८ एप्रिल: लांब वाक्याचा अर्थ न लागणे, दुसऱ्याचे म्हणणे मांडता न येणे. निरीक्षणे अचूक आहेत. त्यांच्यापुढे मी लिहिलेली कारणे तेवढी मी गाळली आहेत.

त्या कारणांविषयी मला कोणाशी तरी बोलले पाहिजे, आणि ज्याच्याशी बोलत असे त्याला ते आता कळणार नाही. म्हणून तुम्हाला लिहितो, थोडे सोसा.

वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना शिकवीत असे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आधी धूर पाहायचा, मग अग्नीकडे जायचे. माझ्या बाबतीत उलटे झाले. अग्नीचे नाव मी लग्नाच्या हॉलमध्येच ठरवून आलो होतो, आणि मग जिथे जिथे धूर दिसला तिथे तिथे तेच नाव लिहीत गेलो. मला कमी दिसले असे नाही. मला सगळे दिसले. जे दिसले ते प्रत्येक वेळी माझ्याच बाजूने साक्ष देत होते, आणि इतकी एकमुखी साक्ष मिळाल्यावर न्यायाधीशाने संशय घ्यायचा असतो, हेही मीच शिकवीत असे.

काल मी मनाशी एक प्रयोग केला. माझ्याच मताच्या एखाद्या जुन्या मित्राने पत्रात लिहिले असते की ‘तराजूची ती मधली, नाव आठवत नाही’, तर मी काय केले असते? उत्तर यायला क्षणही लागला नाही. मी त्याला विचारले असते, “अरे, बरा आहेस ना?”

हा प्रश्न मी माझ्या भावाला विचारला नाही. तो जन्मला तेव्हा इतका हलका होता की सुईण म्हणाली, तोळाभर आहे, जपा. मी सहा वर्षांचा होतो. जपण्याचे काम वडिलांनी माझ्याकडे दिले होते.

एक विनंती. जानेवारीत निदान झाले असते तर फरक पडला असता का, हे डॉक्टरांना विचारून मला स्पष्ट शब्दांत कळवावे. अंदाज नको, होय किंवा नाही. आणि मी यावे की न यावे, तेही. मला पाहून त्याला वाद आठवेल, अशी भीती वाटते.

दादा

———

२८ जून

भाऊजी,

कागद पोचले. बाईंना दिले.

तुमचा प्रश्न मी विचारला नाही आणि विचारणारही नाही. ‘होय’ असं उत्तर आलं तर त्याचं तुम्ही काय करणार? समासात लिहिणार? ‘नाही’ आलं तर सुटलात म्हणून झोपणार? मला दोन्ही नको आहे. यांना आंघोळ घालायची असते, औषधं असतात, मला तेवढंच पुरे.

ऑपरेशन ९ जुलैला आहे. त्यानंतर बोलणं राहील की जाईल, समजणं राहील की जाईल, कुणी सांगत नाही. म्हणून या. त्याच्या आधी या. वाद आठवेल म्हणता? आठवतोच आहे. रोज पोस्टमन गेला की दाराकडे बोट करतात आणि म्हणतात, “दादा? मंडई?” त्यांना वाटतं तुम्ही अजून रागावला आहात. मी ‘नाही’ म्हटलेलं पटत नाही.

येण्याआधी एक पत्र पाठवा. पण भाऊजी, तुमच्यासारखं नको. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘परंतु’ नको, ‘तथापि’ नको, ‘गृहीत धरले तरी’ तर अजिबात नको.

धाकटी भावजय

———

२ जुलै

सौ. भावजयीस,

तुमचे उत्तर योग्य आहे. प्रश्न मी मागे घेतो.

सोबत त्याचे पत्र आहे. ते वाचून दाखवावे. पाच वेळा लिहिले. प्रत्येक वेळी वाक्ये माझ्या हातून लांब होत होती.

ते लिहिण्याआधी काल मी मंडईत गेलो. तीन दिवसांचा पाऊस होता. विक्रेत्यांनी पोत्यांवर प्लास्टिक टाकले होते. एक बाई एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने कांदे तोलत होती. मी वर पाहत उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, काही घ्यायचंय, की नुसतं वर बघायचंय?” मी म्हटले, “बघायला उशीर झालाय, तेवढं बघू द्या.” ती म्हणाली, “बघा, बघा. फुकट आहे.”

मी भिंतींनाही हात लावून पाहिला. चारही बाजूंनी फिरलो. त्या कोरड्या आहेत आणि मजबूत आहेत. त्याच्या पत्रात मी ते लिहिलेले नाही. पुराव्याचा अर्धा भाग जाणूनबुजून दडवण्याची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. तुम्हीही सांगू नये. त्याला एकदा निखळ जिंकू द्यावे.

दादा

(त्याच्यासाठी)

तोळ्या,

मी दादा.

मी रागावलो नाही.

काल मी मंडईत गेलो. पाऊस होता. मी वर बघितलं.

छत गळतं.

माझा सदरा भिजला.

तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.

तू फितूर नाहीस. तू कधी कुणाच्या बाजूनं बोट ठेवलं नाहीस. मला माहीत आहे.

तू आजारी होतास. मला कळलं नाही. मी हसलो. ते वाईट होतं.

मी आठ तारखेला येतो. तुझ्याजवळ बसतो. बोलायला नको.

दादा

———

५ जुलै

भाऊजी,

पत्र यांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ‘माझा सदरा भिजला’ला हसले. खूप दिवसांनी. दुसऱ्यांदा मी ‘तुझं बरोबर होतं’शी आले तेव्हा यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि कागद मागितला. सकाळभर लिहीत होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी भिंतींचा शब्द काढला नाही, आणि लिहिताना मदतही केलेली नाही. जसं आहे तसं पाठवते.

धाकटी भावजय

दादा

छत गळतं

भिंती चांगल्या

ते पण लिही

दोन्ही लिही